पाणी गोठतें तेव्हां

ज्या वस्तूचा सहवास नित्याचा, तिच्याविषयीं विचार करण्याचें मनुष्यास सहसा सुचत नाहीं. पाण्याची गोष्ट अशीच आहे. सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत पाण्यावांचून आपलें पाऊल पुढें पडत नाहीं. आणि तरीही ‘पाणी म्हणजे काय?’ असें कोणीं विचारल्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं, अशी नकारांचीच माळ ओढून आपण मोकळे होतों. जणूं कांहीं पाणी म्हणजे एक अत्यंत साधा, गरीब आणि आज्ञाधारक पदार्थ होय! वीस वर्षें विज्ञान शिकविल्यावर आम्हांसही थोडेंफार तसेंच वाटूं लागलें होतें. तो आमचा भ्रम कसा दूर झाला, आणि नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी त्यास कशी कारण झाली, तें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय एकच घेतला आहे, तो म्हणजे पाण्याचें गोठणें. पाण्याच्या सर्व गुणांचा पाढा वाचूं म्हटलें, तर ह्या वार्षिकाचीं सारीं पानें पुरणार नाहींत आणि संपादकमंडळही रागावेल.

नाताळच्या सुटीपूर्वीं नववीच्या वर्गाकडून आम्ही एक प्रयोग करवून घेतों. परीक्षानळींत थोडेंसें पाणी घ्यावयाचें, त्यांत उष्णतामापक उभा धरावयाचा, आणि ती नळी बर्फ व खडेमीठ ह्यांच्या मिश्रणांत बुडवून दर अर्ध्या मिनिटानें पारा कोठें आहे तें वहींत टिपावयाचें. नुसत्या बर्फानें हें काम भागत नाहीं, कारण वितळणारा बर्फ शून्य अंशावरच राहतो. मीठ घातलें म्हणजे मिश्रणाचें उष्णतामान शून्याच्या पुष्कळ खालीं जातें. तीन भाग बर्फास सुमारें एक भाग मीठ घेतल्यास तें उणें २१ अंश सेल्सिअसपर्यंतही उतरूं शकतें. पालकांपैकीं ज्यांनीं लहानपणीं उन्हाळ्याच्या सुटींत आइस्क्रीमचा लांकडी पॉट फिरविला असेल, त्यांस हें मिश्रण चांगलें ठाऊक आहे. हात दुखेपर्यंत दांडा फिरवावयाचा आणि मधून मधून मूठभर मीठ टाकावयाचें; तें मीठ कशासाठीं, हें मात्र त्या वेळीं कोणी सांगत नसे.

आतां ह्या प्रयोगांत काय व्हावें? पारा उतरत उतरत शून्यावर यावा, पाणी गोठत आहे तोंपर्यंत तेथेंच थांबावा, आणि सर्व पाण्याचा बर्फ झाल्यावर पुन्हां उतरूं लागावा. पुस्तकांतील आलेख असाच आहे, आणि बहुतेक वह्यांतही आंकडे असेच आले. एका वहींत मात्र विलक्षण प्रकार होता. तीन, एक, उणें एक, उणें तीन, उणें पांच, आणि त्यापुढील ओळींत एकदम शून्य! नंतर शून्य, शून्य, शून्य.

म्हणजे बर्फ-मिठांत बुडविलेल्या नळींतील पाणी अर्ध्या मिनिटांत आपोआप पांच अंशांनीं तापलें! आम्हीं त्या ओळीवर लाल शाईची फुली मारली, खालीं ‘निष्काळजीपणा’ असा शेरा लिहिला आणि दहांपैकीं तीन गुण दिले. दुसऱ्या दिवशीं ती मुलगी वही घेऊन आली व म्हणाली, “सर, मीं जें पाहिलें तेंच लिहिलें आहे.” आम्हीं सांगितलें, “उष्णतामापक कांचेस टेकला असेल, म्हणून आंकडा चुकला.” ती क्षणभर खालीं मान घालून उभी राहिली. मग, “टेकला नव्हता, सर,” एवढेंच बोलून निघून गेली.

शेजारच्या मुलींच्या वह्या पाहून आपले आंकडे सारखे करून घेणें तिला कांहीं अवघड नव्हतें. तसें तिनें केलें नाहीं, ही गोष्ट त्या दिवशीं आमच्या ध्यानांत यावयास पाहिजे होती. ती आली नाहीं.

पुढें पालकांच्या सभेस तिचे वडील आले. निफाड तालुक्यांत त्यांची द्राक्षांची बाग आहे आणि मुलगी आमच्या वसतिगृहांत राहते. गुणांविषयीं तक्रार करण्यास ते आले नव्हते. सर्व पालक निघून गेल्यावर ते हळूच म्हणाले, “पोर खोटं लिहायची नाही, सर. एकवार तुम्ही करून बघा.” त्यांच्या बोलण्यांत राग असता तर आम्हीं कदाचित् तें मनावर घेतलें नसतें. राग नव्हता, म्हणून तें मनास लागलें.

त्याच आठवड्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आम्हीं प्रयोगशाळेचें दार लावून घेतलें. खरें सांगावयाचें तर मुलीचें म्हणणें पडताळून पाहण्यापेक्षां आपलेंच बरोबर होतें हें सिद्ध करण्याची इच्छा अधिक होती. नळी स्वच्छ घासली, पाणी उकळून व गाळून घेतलें, आणि नळीस धक्का लागणार नाहीं अशा बेतानें ती मिश्रणांत उभी केली. पारा शून्यावर आला. पाणी पाणीच राहिलें. उणें एक, उणें दोन. तरीही पाणी पाणीच. उणें चारावर पारा असतां नळीच्या कडेशीं पांढऱ्या पिसासारखें कांहीं तरी उमटलें, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तें नळीभर पसरलें, आणि पारा सरसर चढून शून्यावर जाऊन बसला. आम्ही एकटेच होतों, तरी ओशाळलों.

ह्याहून ओशाळवाणी गोष्ट ही, कीं हा प्रकार आमच्या पदवीच्या पुस्तकांत छापलेला होता. आम्हीं तो वाचला होता, त्यावर परीक्षाही दिली होती. ह्यास अतिशीतन म्हणतात. ज्याच्या नांवाचे अंश आपण ताप मोजतांना वापरतों, त्या फॅरेनहाइटनें १७२१ सालींच हें पाहिलें होतें. कांचेच्या गोळ्यांत पावसाचें पाणी भरून, त्यांतील हवा काढून, त्यानें त्याचें तोंड बंद केलें आणि तो गोळा रात्रभर थंडींत ठेविला. उष्णतामान त्याच्या मापानें १५ अंश, म्हणजे सेल्सिअसच्या मापानें उणें नऊ अंशांहूनही खालीं होतें. तरी सकाळीं आंत पाणीच होतें. गोळ्याची नळी मोडतांच मात्र त्यांत बर्फाच्या सुया पसरल्या. हा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत १७२४ सालीं छापून आला. तात्पर्य, आमच्या विद्यार्थिनीची ओळ तीनशें वर्षांपूर्वींच प्रमाण ठरली होती, आणि आमची लाल शाई तितकीच उशिरां पोंचली होती.

शून्य अंशास पाणी गोठतें असें आपण शिकवितों. अधिक नेमकें बोलावयाचें तर शून्य अंशास बर्फ वितळतो. पाण्यास मात्र त्या अंशावर गोठण्याची मोकळीक मिळते, सक्ती होत नाहीं. गांवजेवणाच्या वेळीं मांडवांत माणसांची गर्दी असते. सर्वांस भूक लागलेली असते, तरी पहिल्या पानावर कोणी बसेपर्यंत सारे उभेच घोटाळत राहतात, आणि एक मनुष्य बसला कीं पाहतां पाहतां पंगत भरते. पाण्याच्या रेणूंचें असेंच आहे. बर्फ होण्यासाठीं त्यांस ठराविक रचनेंत, ठराविक अंतरावर बसावें लागतें. धुळीचा एखादा कण, कांचेवरील ओरखडा किंवा बर्फाचा तुकडा हें त्या पंगतीचें पहिलें पान होय. पाणी स्वच्छ व निश्चल असेल तर तें पान लवकर मांडलें जात नाहीं. बाकीच्या मुलांच्या नळ्या इतक्या स्वच्छ घासलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचे आंकडे पुस्तकाप्रमाणें आले! निष्काळजीपणाचा शेरा कोणाच्या वहींत शोभला असता, तें वाचकांनींच ठरवावें.

मग पारा वर कां चढला? बाहेरून तर उष्णता कोणीं दिली नाहीं. ह्याचें उत्तर सांपडण्यास १७६० नंतरच्या एक-दोन वर्षांत ग्लासगो येथें जोसेफ ब्लॅक ह्यानें केलेला एक अगदीं साधा प्रयोग पाहावा. त्यानें सारख्या दोन कुप्या घेतल्या. एकींत बर्फाइतकें थंड पाणी व दुसरींत तितक्याच वजनाचा बर्फ ठेवून दोन्ही एकाच खोलींत टांगल्या. पाणी सात अंश फॅरेनहाइटनें तापण्यास अर्धा तास लागला. बर्फ वितळून त्याचें पाणी तितकेंच तापण्यास लागले साडेदहा तास! खोलींतील उष्णता दोन्ही कुप्यांत सारखीच शिरत होती. मग दहा तासांची उष्णता गेली कोठें? ती बर्फाचें पाणी करण्यांत खर्च झाली, आणि उष्णतामापकास तिचा पत्ताही लागला नाहीं. म्हणून तिला गुप्त उष्णता हें नांव मिळालें. हल्लींच्या पाठ्यपुस्तकांत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास सुमारें ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेंत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत, म्हणजे हात पोळेल इतकें तापलें असतें.

आणि जें देणें वितळतांना, तेंच घेणें गोठतांना. एक ग्रॅम पाणी गोठलें कीं तें ८० कॅलरी बाहेर टाकतें. आतां नळींतील उणें पांच अंशांचें पाणी घ्या. प्रत्येक ग्रॅमास शून्यावर येण्यासाठीं पांच कॅलरी हव्यात. पांच म्हणजे ऐंशींचा सोळावा भाग. म्हणून सगळ्या पाण्याच्या सोळाव्या हिश्श्याचा बर्फ झाला, कीं त्यांतून निघालेल्या उष्णतेनें उरलेले पंधरा हिस्से शून्यावर येतात आणि तें पिसासारखें पसरणें थांबतें. पुढचें गोठणें सावकाश, मिश्रण जसजशी उष्णता ओढून घेईल तसतसें होतें. वहींतील शेवटचीं तीन शून्यें हींच. विद्यार्थ्यांनीं हें गणित उणें आठ अंशांसाठीं स्वतः करून पाहावें.

मुलीच्या वडिलांस हें सर्व कळविणें आमचें कर्तव्य होतें. ते पुन्हां शाळेंत आले तेव्हां आम्हीं त्यांस प्रयोगशाळेंत नेऊन नळी दाखविली. त्यांनीं ती शांतपणें पाहिली आणि मग जें सांगितलें, तें ऐकून शिकविणारा कोण व शिकणारा कोण, असा आम्हांस प्रश्न पडला. निफाडकडे कडाक्याची थंडी पडते आणि पारा चार-पांच अंशांच्या खालीं जातो, तेव्हां द्राक्षांचे मणी तडकतात. म्हणून बागाईतदार पहाटे बागेंत शेकोट्या पेटवितात आणि वेलींच्या मुळाशीं पाणी सोडतात. आम्हीं विचारलें, “थंडींत आणखी पाणी कशाला?” ते हंसून म्हणाले, “विहिरीचं पाणी ऊन असतं की, सर.” खरोखरच हिवाळ्याच्या पहाटे विहिरींतून वाफा निघतांना कोणीं पाहिल्या नाहींत? पाणी तापण्यास जितकें जड, तितकेंच निवण्यासही. एक अंश खालीं येतांना प्रत्येक ग्रॅम पाणी एक कॅलरी बागेस देतें. आपल्याकडे गोष्ट येथेंच संपते; परंतु जेथें पारा शून्याखालीं जातो, त्या अमेरिकेंतील फ्लॉरिडासारख्या प्रांतांत फळबागाईतदार थंडीच्या रात्रीं झाडांवर पाण्याचे फवारे चालू ठेवितात. फुलांवर व फळांवर बर्फाचें कवच चढतें आणि त्या कवचाखालीं तीं जिवंत राहतात! फवारा चालू आहे आणि नवें पाणी गोठत आहे तोंपर्यंत गुप्त उष्णता बाहेर पडत राहते व उष्णतामान शून्याच्या फारसें खालीं जात नाहीं. फवारा मध्येंच बंद पडला तर मात्र बाग जाते.

नंतर त्यांनीं एक प्रश्न विचारला. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत जी भयंकर गारपीट झाली, तिच्यांत त्यांचे तोडणीस आलेले घड घटकाभरांत मातीस मिळाले होते. त्या दिवशीं अंगणांत पडलेली एक गार त्यांनीं विळ्यानें फोडून पाहिली होती. “आतमध्ये कांद्यावानी पापुद्रे होते, सर. एक पांढरा, एक काचेगत. ते कसं काय?” वर्षाचें पीक डोळ्यांदेखत गेलेलें असतां गार फोडून पाहणारा हा मनुष्य! मुलीस तो गुण कोठून आला, तें आम्हांस तेव्हां कळलें.

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या नळींतच होतें. उंच ढगांत उष्णतामान शून्याच्या पुष्कळ खालीं असतें, परंतु तेथील कितीएक थेंब बर्फ झालेले नसतात. ते अतिशीत पाणी असतें; अगदीं सूक्ष्म व स्वच्छ थेंब उणें ३८ अंशांच्या आसपासपर्यंतही असे तग धरतात. त्यांस पहिलें पान मिळत नाहीं. अशा ढगांतून बर्फाचा एखादा कण जाऊं लागला, कीं वाटेंतील थेंब त्यास चिकटून गोठतात. खालून जोराचा वारा वर येत असतो, तो ह्या कणास अधांतरीं तोलून धरतो आणि कण वाढत वाढत गार होते. जेथें थेंब थोडे व थंडी अधिक, तेथें ते चिकटतांच गोठतात. मध्यें हवा अडकून राहते आणि पापुद्रा पांढरा होतो. जेथें पाणी पुष्कळ, तेथें गोठतांना इतकी गुप्त उष्णता निघते, कीं गारेचें अंग ओलेंच राहतें, पाणी सावकाश पसरून गोठतें, हवेस बाहेर पडण्यास सवड मिळते आणि पापुद्रा कांचेसारखा पारदर्शक होतो. वारा तोलूं शकणार नाहीं इतकें वजन झालें, कीं गार खालीं येते. पुढें वेलींवर काय होतें, तें त्या गृहस्थांस आम्हीं सांगण्याची गरज नव्हती.

अशा थंड ढगांस मनुष्यानें बाहेरून पहिलें पान मांडून द्यावें, ही कल्पनाही निघाली आहे. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या स्फटिकासारखी आहे, हें हेरून १९४६ सालीं अमेरिकेंत बर्नार्ड व्हॉनेगट ह्यांनीं त्याचा उपयोग सुचविला. कृत्रिम पावसाचे प्रयोग आपल्या महाराष्ट्रांतही २०१५ व २०१९ सालीं झाले. ढगच नसल्यास त्यांचा कांहीं उपयोग नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

आतां बर्फ बनल्यावर तो करतो काय, इकडे वळूं. तो तरंगतो. ह्यांत विशेष तें काय, असें वाटेल. परंतु मेण वितळवून त्यांत घट्ट मेणाचा तुकडा टाका, तो तळास जाईल. बहुतेक पदार्थ घट्ट होतांना आकुंचन पावतात. पाणी प्रसरण पावतें. अकरा वाट्या पाण्याचा सुमारें बारा वाट्या बर्फ होतो. ह्याचें कारण पुन्हां ती पंगत. पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजनचा एक अणू व हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि ते सरळ रेषेंत नसून कोन करून बसलेले असतात. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. ह्या ओढीस हायड्रोजन बंध म्हणतात. ही ओढ नसती, तर पाणी पाणी राहिलें नसतें. किपच्या उपकरणांतून निघणारा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्याचाच भाऊबंद. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड, तरी तो उणें ६० अंशांसच उकळून वायु होतो, कारण त्याच्या रेणूंत ही ओढ नाहींच म्हटलें तरी चालेल. बर्फांत प्रत्येक रेणू ह्या बंधांनीं चार शेजाऱ्यांस ठराविक अंतरावर धरून ठेवितो आणि मध्यें पोकळी राहते. पाण्यांत ही शिस्त मोडते, रेणू त्या पोकळींत शिरतात, म्हणून पाणी बर्फापेक्षां दाट.

परंतु ही शिस्त शून्य अंशावर एकदम सुरू होत नाहीं. पाणी निवूं लागलें म्हणजे चार अंशांपर्यंत इतर पदार्थांप्रमाणें आकुंचन पावतें, आणि चाराच्या खालीं गेलें कीं उलट प्रसरण पावूं लागतें. एडिंबरोच्या थॉमस होपनें हें १८०५ सालीं दाखविलें. दहावीच्या मुलांस होपचें उपकरण काढण्याचा सराव आहेच. पुस्तकांत ह्यास ‘पाण्याचें असंगत आचरण’ असें नांव दिलें आहे. हें नांव आम्हांस मुळींच आवडत नाहीं. पाणी सृष्टीच्या आरंभापासून एकाच रीतीनें वागत आहे. असंगति असलीच तर ती आमच्या अपेक्षेंत आहे. ह्याच आचरणामुळें श्रीनगरचें दाल सरोवर कडक हिवाळ्यांत वरून गोठतें, पण खालीं पाणी शिल्लक असतें. वरचें पाणी चार अंशांपर्यंत निवलें कीं जड होऊन तळास जातें. त्याहून थंड झालेलें पाणी हलकें असल्यामुळें वरच राहतें, तेथेंच गोठतें, आणि बर्फाची ती चादर खालच्या पाण्याचें थंडीपासून रक्षण करते. बर्फ बुडणारा असता तर तळीं तळापासून भरत येतीं आणि मासे वर वर लोटले जाऊन मरते.

बर्फ वरच जमतो म्हणून तो कापतां येतो, आणि वितळण्यास त्यास पुष्कळ उष्णता लागते म्हणून तो पुष्कळ टिकतो. ह्या दोन गुणांवर एका गृहस्थानें मोठा व्यापार केला. अमेरिकेंतील बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्यानें १८३३ सालच्या मे महिन्यांत तेथील तळ्यांचा कापलेला १८० टन बर्फ ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांत भरून कलकत्त्यास धाडला. वाफेचीं यंत्रें नाहींत, शीतगृह नाहीं; चार महिने शिडांचा प्रवास, आफ्रिकेस वळसा, आणि विषुववृत्त दोनदां ओलांडावयाचें. सप्टेंबरांत जहाज पोंचलें तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढें हा बर्फ मुंबईस व मद्रासेसही येऊं लागला आणि त्यासाठीं बर्फघरें बांधलीं गेलीं. मद्रासेचें बर्फघर चेन्नईच्या समुद्रकांठीं अद्याप उभें आहे. विवेकानंद हाउस म्हणून जें प्रसिद्ध आहे तेंच तें. बर्फ करण्याचीं यंत्रें आल्यावर हा व्यापार बसला. मोठ्या लाद्या रचून भुसा व गवत ह्यांनीं त्या झांकल्या, कीं आंत शिरणारी उष्णता थोडी. आणि जी शिरेल तिला प्रत्येक ग्रॅमामागें ८० कॅलरींचा कर भरल्यावांचून बर्फाचा कण हलवितां येत नाहीं, ही त्यांतील सगळी किमया.

आमच्या लाल फुलीची हकीकत ऐकून एका सहकारी शिक्षकांनीं आम्हांस धीर देण्यासाठीं आफ्रिकेंतील एक गोष्ट सांगितली. आमची तींतील भूमिका फारशी चांगली ठरत नाहीं, तरी ती येथें देतों. सन १९६३ मध्यें टांगानिकांतील, म्हणजे आजच्या टांझानियांतील, एका शाळेंत एरास्टो म्पेम्बा नांवाचा विद्यार्थी होता. तेथील मुलें दूध व साखर उकळून, तें मिश्रण निववून, त्याचें आइस्क्रीम करीत. एकदां शीतपेटींत जागा संपेल ह्या भीतीनें म्पेम्बानें आपलें दूध न निववितां गरमच आंत ठेविलें. दीड तासानें पाहतो तों त्याचें दूध गोठलेलें, आणि ज्या मुलानें न उकळतांच ठेविलें होतें त्याचें अद्याप पातळ! त्यानें शिक्षकांस कारण विचारलें. त्यांनीं सांगितलें, कीं तुझा कांहीं तरी घोटाळा झाला आहे. पुढें दुसऱ्या शाळेंत त्यानें पुन्हां विचारलें, तेव्हां शिक्षकांनीं ह्यास म्पेम्बाचें पदार्थविज्ञान असें नांव देऊन टाकलें आणि वर्गांतील मुलेंही त्याची प्रत्येक चूक त्याच्याच नांवानें संबोधूं लागलीं. अखेर दार-एस्-सलाम येथील विद्यापीठीय महाविद्यालयाचे डेनिस ऑस्बोर्न त्या शाळेंत व्याख्यानास आले असतां म्पेम्बानें भर सभेंत तोच प्रश्न विचारला. मुलें हंसलीं. ऑस्बोर्न हंसले नाहींत. त्यांनीं परत जाऊन प्रयोग करवून पाहिला आणि गरम पाणी आधीं गोठलें. १९६९ सालीं त्या दोघांच्या नांवांनीं तो लेख प्रसिद्ध झाला.

ह्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. गरम पाण्याची वाफ होऊन तें कमी उरतें, त्यांत विरलेली हवा निघून जाते, तें आंतल्या आंत अधिक फिरतें, अशीं अनेक कारणें सुचविण्यांत आलीं. अतिशीतनाकडेही कांहींनीं बोट दाखविलें. थंड पाणी शून्याखालीं घोटाळत राहतें आणि गरम पाणी त्याच्या आधीं पंगतीस बसतें, असा त्यांचा तर्क. उलटपक्षीं २०१६ सालीं इंग्लंडांतील दोन शास्त्रज्ञांनीं काळजीपूर्वक मापें घेऊन असा परिणाम आढळत नाहीं, उष्णतामापक थोडा वरखालीं धरल्यानेंही असा भास होऊं शकतो, असें प्रतिपादन केलें. इतकें साधें पाणी, इतका साधा प्रश्न, आणि साठ वर्षें वाद चालू!

सुटीनंतर आम्हीं नववीच्या वर्गाकडून तोच प्रयोग पुन्हां करविला. ह्या वेळीं नळाचें पाणी, विहिरीचें पाणी आणि उकळून गाळलेलें पाणी अशा निरनिराळ्या नळ्या केल्या. नळाच्या पाण्याच्या कितीएक नळ्या शून्याच्या थोड्याशाच खालीं गोठल्या, तर गाळलेल्या पाण्याची एक नळी उणें सहापर्यंत गेली. ती नळी आमच्या विद्यार्थिनीची होती. ज्यांच्या घरीं शीतपेटी असेल, त्यांनीं पाण्याची न उघडलेली प्लॅस्टिकची बाटली तींत आडवी ठेवून दोन तासांनंतर दर दहा मिनिटांनीं अलगद पाहावी. बाटली पाणी असतांनाच बाहेर काढून टेबलावर आपटली, तर आम्हीं वर वर्णिलेलें पांढरें पीस त्यांसही दिसेल. कांचेची बाटली मात्र कदापि ठेवूं नये, ती फुटते. कां फुटते, तें वर आलेंच आहे.

त्या दिवशीं प्रयोग संपल्यावर ती मुलगी मागें राहिली. तिनें तीच नळी, त्याच पाण्यासह, पुन्हां एकदां मिश्रणांत ठेविली होती आणि ह्या खेपेस पाणी उणें चारावरच गोठलें होतें. नळी तीच, पाणी तेंच, मग दोन अंशांचा फरक कां? पहिलें पान केव्हां मांडलें जाईल हें पुष्कळसें योगायोगावर असतें, म्हणून एकदां करून भागत नाहीं, अनेकदां करून पाहावें लागतें, असें आम्हीं सांगितलें. “किती वेळां, सर?” असें तिनें विचारलें. आम्हीं खडेमिठाचा डबा तिच्याकडे सरकविला.

वहींतील गुण आम्हीं तिनाचे दहा केले आहेत आणि ‘निष्काळजीपणा’ हा शेरा खोडून त्याखालीं सही केली आहे. लाल फुली मात्र तिनें खोडूं दिली नाहीं. तिच्या शेजारीं तिनें पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें आहे: पुन्हां केलें, उणें ६, पुन्हां केलें, उणें ४.